जवळचा रस्ता कोणाला जवळ?

दोन गावांमधला सर्वांत जवळचा मार्ग कोणता, असे सातवीच्या वर्गात विचारले, तर काही मुले पट्टी घेऊन नकाशावर सरळ रेषा ओढतात. थोडा विचार करणारा एखादा मुलगा म्हणतो, "रेषा नको, रस्ता मोजा." आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारते, "पण सर, जायचंय कशानं?"

या लेखात आम्हाला या शेवटच्या प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे. त्यासाठी उदाहरण थोडे दूरचे घेतले आहे. मात्र त्यातले गणित आणि रसायन आपल्या पाठ्यपुस्तकातलेच आहे.

शहराला वळसा

उत्तर अमेरिकेत अनेक कुटुंबे सुट्टीत मोटारीमागे चाकांवरचे एक छोटे घर जोडून प्रवासाला निघतात. या घराला तिकडे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. त्यात झोपायची जागा, पाण्याची टाकी, फ्रीज आणि गॅसची शेगडी असते. मोटार आणि घर मिळून लांबी १२ ते १५ मीटर भरते आणि वजन पाच-साडेपाच टनांपर्यंत सहज जाते. असे वाहन घेऊन मोठे शहर ओलांडायचे म्हणजे निघण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसणे आले.

समजा, असे एक कुटुंब वॉशिंग्टनहून फिलाडेल्फियाकडे निघाले आहे. वाटेत बाल्टिमोर हे मोठे बंदर लागते. ९५ क्रमांकाचा महामार्ग शहरातून जातो आणि बंदराचे पाणी बोगद्यातून ओलांडतो. हा फोर्ट मॅकहेन्री बोगदा १९८५ साली खुला झाला. त्याच्या जवळच १९५७ सालचा आणखी एक बोगदा आहे. शहराभोवती ६९५ क्रमांकाचा सुमारे ८३ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता आहे. तो पूर्वेकडे बंदराच्या तोंडावरून जात असे. तिथे १९७७ साली बांधलेला फ्रान्सिस स्कॉट की पूल होता.

महामार्ग आणि वर्तुळ एकमेकांना दोन ठिकाणी भेटतात, एकदा शहराच्या नैर्ऋत्येला आणि एकदा ईशान्येला. या दोन नाक्यांमधले अंतर बोगद्यातून सुमारे २४ किलोमीटर आहे. पश्चिमेच्या कमानीने ते सुमारे ३५ किलोमीटर भरते. पूर्वेची, पुलावरची कमान याहूनही लांब होती, पण तिच्यावर रहदारी कमी असे.

अंतर मोजायचे की वेळ?

ताशी ९० किलोमीटर वेगाने २४ किलोमीटर जायला १६ मिनिटे लागतात आणि ३५ किलोमीटर जायला सुमारे २३ मिनिटे. रस्ता मोकळा असेल तर बोगदाच बरा. परंतु बोगद्याच्या रस्त्यावर गर्दी झाली आणि सरासरी वेग ताशी ६२ किलोमीटरच्या खाली गेला, की मोकळा वळसा लवकर पोचवतो. (२४ ला ३५ ने भागून ९० ने गुणा, म्हणजे हा आकडा मिळेल.)

येथे मुले एक नेहमीची चूक करतात. समजा, २४ पैकी १२ किलोमीटर ताशी ९० ने झाले आणि उरलेले १२ किलोमीटर ताशी ३० ने. सरासरी वेग किती? बहुतेक जण ६० म्हणतात. पहिल्या भागाला ८ मिनिटे लागली, दुसऱ्याला २४. म्हणजे २४ किलोमीटरना एकूण ३२ मिनिटे, आणि सरासरी वेग ताशी ४५. संथ भागात आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून सरासरी खाली ओढली जाते. अर्धाच रस्ता तुंबला होता, तरी वळसा नऊ मिनिटांनी सरस ठरला.

मागे घर असेल तर आणखी एक हिशेब करावा लागतो. साडेपाच टनांचे वाहन ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना त्याची गतिज ऊर्जा सुमारे साडेसात लाख ज्यूल असते. ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन जाते आणि पुन्हा वेग घेताना पेट्रोलमधून नव्याने मिळवावी लागते. एक लिटर पेट्रोलमधून चाकांपर्यंत सुमारे ८० लाख ज्यूल पोचतात असे धरले, तर २५ वेळा थांबून पुन्हा वेग घ्यायला सुमारे २.४ लिटर पेट्रोल लागेल. १०० किलोमीटरना २२ लिटर असा खप धरला, तर वळशाच्या जादा ११ किलोमीटरनाही तेवढेच पेट्रोल लागते. शिवाय ब्रेक तापत नाहीत आणि चालवणारा थकत नाही.

रांग कधी सर्वांत लांब असते?

महामार्गाच्या एका पट्ट्यातून तासाला साधारणपणे २००० वाहने जाऊ शकतात, म्हणजे दर १.८ सेकंदाला एक. समजा, संध्याकाळी पाच ते सहा या वेळात २२०० वाहने आली. सहा वाजता २०० वाहने रांगेत शिल्लक राहतील. सहानंतर गर्दी ओसरली आणि तासाला १८०० वाहनेच येऊ लागली, तरी रांग तासाला २०० नेच कमी होईल. ती संपायला सात वाजतील.

म्हणजे "गर्दीची वेळ सहाला संपते" असे मानून जो बरोबर सहाला येऊन पोचतो, तो सर्वांत लांब रांगेत सापडतो! घर जोडून निघणारे अनुभवी लोक म्हणूनच शहरापाशी दुपारी बारा-एकच्या सुमारास पोचतील असे निघतात, नाहीतर शहराच्या अलीकडेच थांबून जेवण उरकतात. मार्ग निवडताना 'कुठून' इतकेच 'केव्हा' हेही महत्त्वाचे असते.

डाइक्स्ट्रा यांची रीत

अनेक रस्त्यांच्या जाळ्यातून सर्वांत कमी वेळाचा मार्ग शोधायची एक सुरेख रीत आहे. नेदरलँड्सचे गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांना ती १९५६ साली सुचली आणि १९५९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला सर्वांत जवळच्या वाटेने कसे जावे, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. खरेदीतून थकून एका उपाहारगृहात कॉफी पीत बसलो असता वीसेक मिनिटांत रीत सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले. कागद-पेन्सिल जवळ नव्हती, त्यामुळे ती सोपी ठेवणे भागच पडले.

आपले जाळे छोटे आहे. 'द' म्हणजे नैर्ऋत्येचा नाका आणि 'उ' म्हणजे ईशान्येचा. मध्ये 'ब' हा बोगदा, 'प' हा पश्चिमेचा टप्पा आणि 'पू' हा पूर्वेचा पूल. पुढची मिनिटे समजण्यासाठी आम्ही कल्पिलेली आहेत: द-ब ८, ब-उ ९, द-प १०, प-उ १६, द-पू १४, पू-उ १५.

सुरुवात 'द'पासून करा. त्याच्या शेजाऱ्यांवर पेन्सिलीने वेळ लिहा: ब वर ८, प वर १०, पू वर १४. यातला सर्वांत लहान आकडा ८. तो शाईने पक्का करा. दुसऱ्या कोणत्याही वाटेने निघालो तरी आधीच ८ पेक्षा जास्त मिनिटे जातात, म्हणून हा आकडा पुढे कमी होणे शक्य नाही. आता ब वरून उ ला ८ + ९ = १७. तो आकडा पेन्सिलीने लिहा. पुढचा लहान आकडा प चा, १०. तोही पक्का करा. तेथून उ ला २६ होतात. १७ पेक्षा जास्त, म्हणून सोडून द्या. मग पू चे १४ पक्के करा. तेथून उ ला २९, तेही सोडा. शेवटी १७ पक्के झाले. मार्ग: द-ब-उ.

साध्या मोटारीसाठी हे उत्तर अगदी बरोबर आहे. आपल्या कुटुंबासाठी मात्र ते चूक आहे.

बोगद्याच्या तोंडाशी

चूक का, ते चाकांवरच्या घराच्या पुढच्या टोकाशी दिसते. तिथे शेगडीसाठी प्रोपेन वायूचे सहसा दोन सिलिंडर बसवलेले असतात. त्यांत प्रत्येकी २० किंवा ३० पौंड प्रोपेन मावतो. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो, आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरएवढाच जवळजवळ. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठे प्रोपेनचे सिलिंडर नेता येत नाहीत.

हा नियम उगीच केलेला नाही. प्रोपेनच्या रेणूचे वस्तुमान ४४, हवेचे सरासरी सुमारे २९. म्हणजे प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो गळला तर वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत पसरतो आणि सखल जागी साचतो. पाण्याखालून जाणारा बोगदा आधी उतरतो आणि मग चढतो. त्याची सर्वांत सखल जागा मध्यावर, दोन्ही तोंडांपासून सर्वांत दूर असते.

किती वायू साचेल? १३.६ किलो म्हणजे सुमारे ३१० मोल. नेहमीच्या तापमानाला त्याचे आकारमान साडेसात घनमीटर होते. हवेत प्रोपेनचे प्रमाण २.१ टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे एक सिलिंडर सुमारे ३५० घनमीटर हवा ज्वलनशील करू शकतो. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा दोन वर्गखोल्या त्यात भरतील! बोगद्यात हवा खेळती ठेवणारे पंखे असतात हे खरे, पण अपघात झाला तर अडकलेल्या माणसांना पळायला दोनच दिशा असतात. उघड्या रस्त्यावर तोच वायू वाऱ्याने पांगतो.

तेव्हा आपल्या कुटुंबाने जाळ्यातला 'ब' खोडून टाकला पाहिजे. रीत पुन्हा चालवा. पश्चिमेने २६, पूर्वेने २९. उत्तर: पश्चिम. आता संध्याकाळ झाली आणि नेहमी गजबजलेल्या पश्चिमेच्या कमानीवर प-उ ला १६ ऐवजी २२ मिनिटे लागू लागली असे समजा. पश्चिमेने ३२ होतात, पूर्वेने २९ च. उत्तर बदलले: लांबचा पूलच बरा. प्रोपेन नेणारी अनेक वाहने कित्येक वर्षे हाच निर्णय घेत होती.

पूल पडल्यावर

२६ मार्च २०२४ च्या पहाटे 'डाली' नावाचे अवजड मालवाहू जहाज वीजपुरवठा बंद पडून भरकटले आणि पुलाच्या खांबावर आदळले. काही क्षणांत पूल पाण्यात कोसळला. जहाजावरून धोक्याचा इशारा मिळताच पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक अडवली, म्हणून अनेक प्राण वाचले. पुलावर रात्रपाळीत रस्त्याचे खड्डे बुजवणाऱ्या सहा कामगारांना मात्र वाचवता आले नाही.

आपल्या जाळ्यातला 'पू' त्या दिवशी पुसला गेला. साध्या मोटारीचा १७ मिनिटांचा मार्ग कागदावर होता तसाच राहिला. प्रोपेन नेणाऱ्या वाहनाला मात्र शहराजवळून जायला एकच वाट उरली, पश्चिमेची. तिचे त्या संध्याकाळचे उत्तर ३२. एकाच नकाशातली एकच रेषा पुसली, आणि ती एकाला फारशी जाणवली नाही, दुसऱ्याला मात्र चांगलीच जाणवली.

कागदापलीकडे आणखी एक गोष्ट घडते. की पुलावरून रोज ३० हजारांहून अधिक वाहने जात. ती उरलेल्या रस्त्यांवर आली. म्हणजे रेषा पुसली की बाकीच्या रेषांवरचे आकडेही वाढतात. डाइक्स्ट्रा यांची रीत आकडे स्थिर आहेत असे धरून चालते. ते वेळोवेळी तपासून घेणे हे आपले काम.

ज्यांना बाल्टिमोरच टाळायचे असते ते पूर्वेला चेसापीक उपसागरावरच्या सुमारे सात किलोमीटर लांब पुलावरून जातात आणि ३०१ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला डेलावेअरकडे वळतात. या वाटेचे आकडे वेगळ्याच कारणांनी बदलतात. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी समुद्रकिनाऱ्याकडे निघालेल्यांची पुलावर रीघ लागते. जोराचा वारा सुटला, की उंच आणि हलक्या अशा चाकांवरच्या घरांना पुलावर सोडत नाहीत. त्यांच्या सपाट बाजूवर वारा शिडासारखा भरतो.

वर्गात करून पाहा

आज मोबाइलमधला नकाशा क्षणात मार्ग सांगतो. त्यामागे डाइक्स्ट्रा यांच्या रीतीच्याच कुळातल्या रीती आहेत. पण मोटारीमागे काय जोडले आहे, हे सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. तो साध्या मोटारीच्या जाळ्यातले बरोबर उत्तर देतो, आणि त्यावर विसंबलेला माणूस बोगद्याच्या तोंडाशी पोचल्यावर मागे वळायला जागा शोधू लागतो. गणित बिनचूक असते, पण ते दुसऱ्याच कोणाच्या तरी वाहनाचे असते.

वर्गात चार-चार मुलांचे गट करा. शाळा आणि बाजारपेठ यांच्यामधले सगळे रस्ते, गल्ल्या, पायवाटा आणि पूल यांचे जाळे फळ्यावर काढा. प्रत्येक रेषेवर लागणारी मिनिटे मुलांनी स्वतः चालून किंवा सायकलवरून मोजावीत. मग एका गटाला चालणाऱ्या मुलाचा मार्ग शोधू द्या, दुसऱ्याला सायकलचा, तिसऱ्याला चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या आजोबांचा आणि चौथ्याला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा. प्रत्येक गटाने आधी आपल्याला न चालणाऱ्या रेषा खोडायच्या आणि मगच रीत वापरायची. कोणती रेषा का खोडली, ते वहीत लिहायचे.

शेवटी सगळ्यांना सांगा, "पाऊस जोराचा आहे, ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेला आहे." ती रेषा पुसा आणि चारही उत्तरे पुन्हा काढायला लावा. कोणाचे उत्तर मुळीच बदलले नाही, कोणाचे थोडे बदलले आणि कोणाला बाजारापर्यंत वाटच उरली नाही, याची यादी मुलांनाच करू द्या.