ताप उतरल्यानंतरचा आजार

नफातोट्याचा विचार करताना व्यापारी केवळ हातची गेलेली रोकड मोजून थांबत नाही. अडकलेले भांडवल आणि हुकलेला हंगाम हेही तो ध्यानी घेतो. आजाराचा हिशेब मांडताना मात्र आपण एवढेच विचारतो की, ताप किती दिवस होता आणि रोगी बरा झाला की नाही. हा हिशेब किती अपुरा आहे, हे चिकुनगुन्या या विषाणुजन्य रोगावरून चांगले समजून येते.

हा रोग प्रथम ओळखला गेला तो १९५२-५३ साली पूर्व आफ्रिकेतील टांगानिकात. त्याचे नाव तेथील माकोंडे भाषेतील असून, वेदनेने वाकून गेलेल्या रोग्याची स्थिती त्यातून सूचित होते. भारतात तो १९६३ साली कलकत्त्यात आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे पसरला. पुढे सुमारे तीन दशके त्याचा जवळजवळ विसर पडला होता. २००५ च्या अखेरीस तो पुन्हा उद्भवला आणि २००६ साली देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या साथीत महाराष्ट्राप्रमाणे गुजरातही सापडला होता.

या रोगात ताप बहुधा आठवड्याच्या आत उतरतो आणि मृत्यू क्वचितच ओढवतो. परंतु बोटे, मनगटे, गुडघे व घोटे यांतील सूज आणि वेदना कित्येकांना महिनोन्‌महिने, तर काहींना वर्षानुवर्षे सोडीत नाहीत. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांस व ज्यांना पूर्वीपासून संधिवात आहे त्यांस हा धोका अधिक असतो.

आता सुरतेसारख्या शहराचा विचार करावा. येथील उद्योग बोटांवर उभा आहे. हिऱ्यास पैलू पाडणारा रत्नकलाकार, मागावरचा तुटलेला धागा सांधणारा विणकर, जरीचा कारागीर, या सर्वांचे भांडवल म्हणजे त्यांचे हात. ज्यास नगावर मजुरी मिळते, त्याची मूठ सकाळी मिटेनाशी झाली की मिळकतही आखडते. पेढीवरच्या मुनीमास गादीवर मांडी घालून बसता येत नाही; घरातील गृहिणीस पोळी लाटणे वा ओले कपडे पिळणे जमत नाही. वरून मात्र दोघेही धडधाकट दिसतात. त्यामुळे ‘ताप तर केव्हाच गेला, मग काम का होत नाही?’ हा प्रश्न त्यांस ऐकावा लागतो, आणि वेदनेत अपमानाची भर पडते.

जागतिक आरोग्य संघटना जीवनमानाचा विचार करताना शारीरिक स्थिती, मनःस्थिती, सामाजिक संबंध आणि भोवतालची परिस्थिती अशी चार अंगे पाहते. वरील उदाहरणात शरीराच्या दुखण्यापासून आरंभ होऊन उरलेली तिन्ही अंगे कशी खचतात, हे सहज दिसेल.

या विषाणूवर नेमके औषध उपलब्ध नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि वैद्यकीय सल्ल्याने पॅरासिटामॉल हाच प्रारंभीचा उपचार होय. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुढे हलका व्यायाम हितकर ठरतो.

प्रतिबंध मात्र आपल्या हाती आहे. हा रोग पसरविणारा एडीस डास दिवसा चावतो व घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस लागतात. म्हणून टाक्या घट्ट झाकाव्यात आणि रिकामी भांडी, कुंड्यांखालच्या ताटल्या व जुने टायर कोरडे ठेवावेत. जीव उत्पन्नच होऊ न देण्याचा हा मार्ग अहिंसेच्या दृष्टीनेही उचित आहे.

आणि ज्या सभासदांच्या पेढीवर वा कारखान्यात असा रुग्ण असेल, त्यांनी त्यास काही काळ हलके काम द्यावे व त्याची मजुरी तोडू नये. कुशल हात गमावण्यापेक्षा त्यास सावरण्यास अवधी देणे, हा व्यवहाराच्या दृष्टीनेही तोट्याचा सौदा नव्हे.