ऐंशी वर्षांनी सापडलेली रिळं

मागच्या वेळी आपण गटाची जुनी रजिस्टरं जपण्याबद्दल बोललो, तेव्हा एका ताईंनी विचारलं होतं, "जुनं ठेवून मिळतं काय?" म्हणून आज एका सिनेमाची गोष्ट सांगतो.

'मेट्रोपोलिस' हा जर्मनीतला मूकपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, पण कथा लिहिली त्यांच्या पत्नीनं, थेआ फॉन हार्बो यांनी. (याच बाईंनी पुढे बेळगावकडच्या अयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी लग्न केलं. हे कळल्यावर आम्ही चाटच पडलो!) गोष्ट भविष्यातल्या शहराची. वर मालक, जमिनीखाली राबणारे कामगार, आणि बाईच्या रूपातला यंत्रमानव.

सिनेमा अडीच तासांचा होता. मग त्याला कात्री लागली आणि जवळपास पाव भाग गेला. अमेरिकेत तर हेल नावाच्या बाईची कथाच काढून टाकली, कारण ते नाव इंग्रजीतल्या नरकासारखं ऐकू येतं. आता ही हेल म्हणजे नायकाची वारलेली आई. शास्त्रज्ञाचाही तिच्यावर जीव होता, तिच्या दुःखात तो यंत्रबाई घडवतो. आईच काढून टाकल्यावर त्यानं हा खटाटोप का केला, हे बघणाऱ्याला कळणार कसं? आणि मग लोक म्हणायचे, कथेत काही दम नाही.

न कापलेली एक प्रत मात्र त्या काळातच एका वितरकाबरोबर अर्जेंटिनाला गेली होती. हातोहाती फिरत ती ब्युनोस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात पोचली. जुनी फिल्म चटकन पेट घेते, म्हणून मध्येच कधीतरी तिची लहान आकाराच्या फिल्मवर नक्कल काढली होती. डाग पडलेल्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढली की डागही उतरतात ना, तसे सगळे ओरखडे त्यात आले.

तिथले अभ्यासक फर्नांडो पेन्या यांनी एका फिल्म क्लबवाल्याची जुनी तक्रार ऐकली होती. हा सिनेमा दाखवताना म्हणे फिल्म बोटानं दाबून धरावी लागली, अडीच तास! पेन्यांच्या डोक्यात तो आकडा बसला. बाकी सगळीकडच्या प्रती तर त्याहून कितीतरी छोट्या होत्या. २००८ मध्ये त्यांनी आणि संग्रहालयाच्या प्रमुख पाउला फेलिक्स-दिदिएर यांनी डबे उघडले. हरवलेली सुमारे पंचवीस मिनिटं त्यात निघाली. हेलच्या पुतळ्याचा प्रसंगही.

पुढचं काम जर्मनीत झालं. कुठला तुकडा कुठे जोडायचा, याला मूळ संगीताची वही कामी आली. मूकपट असला तरी सोबत वाद्यवृंद वाजायचा, आणि त्या वहीत पडद्यावर केव्हा काय घडतं याच्या हजारावर खुणा होत्या. १२ फेब्रुवारी २०१० ला सिनेमा पुन्हा बर्लिनमध्ये लागला.

सापडलेले तुकडे आजही ओळखू येतात. त्यांवर पावसासारख्या रेघा आहेत, भोवती काळी किनार आहे. दोन प्रसंग मात्र मिळालेच नाहीत. तिथे काय घडत होतं, ते पडद्यावर लिहून दाखवतात.