लिनक्सवर मराठी अक्षरं का तुटतात आणि ती नीट कशी करायची?

जुना लॅपटॉप रडतखडत चालायला लागला की अनेकजण त्यावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती टाकून घेतात. लॅपटॉप झटपट सुरू होतो, इंटरनेटही चालतं. मग एखादी मराठी पोस्ट उघडावी, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. कधी अक्षरं दिसतात, पण 'किल्ला' या शब्दातली वेलांटी 'क'च्या भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षर सुटं होतं.

अशा वेळी फॉन्टला दोष देऊन एकामागून एक फॉन्ट डाऊनलोड केले जातात. पण फॉन्ट म्हणजे फक्त अक्षरांच्या आकृत्यांचा साठा. त्यातून शब्द उभा करण्याचं काम दुसरेच प्रोग्रॅम करतात.

एका शब्दामागे तिघांचं काम

कॉम्प्युटरसाठी 'किल्ला' हा शब्द म्हणजे सहा संकेतांची रांग असते: क, वेलांटी, ल, हलन्त, ल आणि काना. वेलांटी साठवली जाते 'क'नंतर, पण दिसायला हवी 'क'च्या आधी. हा मेळ तीन लायब्ररी मिळून घालतात. लायब्ररी म्हणजे अनेक ॲप्सना सामायिकपणे वापरता येणारा तयार कोड.

पहिली फॉन्टकॉन्फिग. मजकूर मराठी असेल तर कोणता फॉन्ट वापरायचा, हे ती ठरवते.

दुसरी हार्फबझ. वेलांटी पुढे आणणं, जोडाक्षर घडवणं, रफार योग्य जागी बसवणं हे तिचं काम. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सगळ्यांमध्ये तीच वापरली जाते.

तिसरी फ्रीटाइप. १९९६ साली सुरू झालेली ही लायब्ररी निवडलेल्या आकृत्यांचं पडद्यावरच्या ठिपक्यांमध्ये रूपांतर करते.

बिघाड कसा ओळखायचा?

*चौकोन दिसत असतील* तर देवनागरी फॉन्टच नाही. लिनक्सच्या सॉफ्टवेअर स्टोअरमधून 'लोहित देवनागरी' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घ्यावा. 'नोटो' हे नाव 'नो टोफू'वरून आलं आहे. टोफू म्हणजे तेच रिकामे चौकोन. फॉन्टची फाइल वेगळी मिळवली असेल तर होम फोल्डरमधल्या '.लोकल' या लपवलेल्या फोल्डरात 'शेअर' आणि त्यात 'फॉन्ट्स' असा फोल्डर करून तिथे ठेवावी. मग टर्मिनलमध्ये 'एफसी-कॅश' ही कमांड इंग्रजी लिपीत द्यावी. त्यामुळे नव्या फॉन्टची नोंद होते.

*अक्षरं आहेत, पण वेलांटी आणि जोडाक्षरं चुकतात*, तर नवा फॉन्ट टाकून उपयोग नाही. ते ॲप हार्फबझ वापरत नाही, हे बहुतेक वेळा कारण असतं. फोटोवर मजकूर छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे हमखास दिसतं. पायथनमधल्या 'पिलो'ला देवनागरी नीट छापायला 'रॅक्म' नावाची लायब्ररी लागते आणि ती आतून हार्फबझचीच मदत घेते. शुभेच्छांच्या फलकांवर मोडकी मराठी दिसते, त्यामागे अनेकदा ही उणीव असते.

*अक्षरं बरोबर, पण फिकट किंवा खडबडीत दिसतात*, तर फ्रीटाइपशी संबंधित सेटिंग बदलून पाहावं. फॉन्टच्या सेटिंगमध्ये अँटी-एलियासिंग चालू ठेवावं आणि हिंटिंग 'हलकं' निवडावं. हलक्या हिंटिंगमध्ये अक्षर फक्त उभ्या दिशेने सावरलं जातं. त्यामुळे शिरोरेषा ठसठशीत राहते आणि अक्षराची रुंदी बिघडत नाही.

'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे का दिसतात?

मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहिण्याची रीत आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही हीच रूपं आहेत. युनिकोडमध्ये मात्र हिंदी आणि मराठी 'ल'चा संकेत एकच आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकृत्या असतात, पण मजकूर मराठी आहे हे कळलं तरच हार्फबझ मराठी आकृती निवडते. म्हणून लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' ठेवावी. वेबसाइट बनवणाऱ्यांनीही पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवावं. तरीही बदल झाला नाही, तर त्या फॉन्टमध्ये मराठी आकृत्या नसाव्यात.

लायब्ररी कुठून घ्यायची?

या तिन्ही लायब्ररी बहुतेक डेस्कटॉप लिनक्समध्ये आधीपासूनच असतात. नसतील तर त्या लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच घ्याव्यात आणि अपडेट करत राहावं. अनोळखी साइटवरून फाइल आणून मूळ लायब्ररीच्या जागी ठेवू नये. कारण फॉन्टची फाइलही हल्ल्याचं साधन होऊ शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपमधल्या एका त्रुटीचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात असल्याचं उघड झालं आणि क्रोमला तातडीने अपडेट द्यावं लागलं.

शेवटची तपासणी

सगळं झाल्यावर एक ओळ टाइप करून पाहावी: 'किल्ल्यावरून दऱ्या दिसतात, दर्या दिसत नाही.' पहिल्या शब्दात डोंगरांमधली दरी आहे, दुसऱ्यात समुद्र. आडवा अर्धा 'र' आणि वरचा रफार यांत गल्लत झाली तर अर्थच बदलतो. 'आचाऱ्याला बोलवा' आणि 'आचार्याला बोलवा' या निरोपांचंही तसंच. एका निरोपाने स्वयंपाकी येईल, दुसऱ्याने गुरुजी. ही अक्षरं जागच्या जागी दिसली, की आपला कॉम्प्युटर मराठी नीट दाखवतोय असं समजायला हरकत नाही.