भिंतींतल्या तारेचें वार्धक्य

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या माजघरांतील दिवा मधूनमधून मिणमिणूं लागला, म्हणून आम्हीं वायरमनास बोलाविलें. त्यानें स्विचबोर्ड उघडून तार बोटांत धरली मात्र, तिच्यावरील आवरण भाजलेल्या पापडाप्रमाणें तुटून खालीं पडलें. आंत तांब्याची उघडी तार! घरांतील मुलें दिवसांतून दहा वेळां जें बटण दाबतात, त्याच्यामागें ही स्थिति होती. आग कधीं लागली नव्हती. मग आवरण जळालें केव्हां? खरें पाहतां तें जळालें नव्हतें, उष्णतेनें अकालीं म्हातारें झालें होतें.

विजेचा प्रवाह वाहूं लागला कीं तार थोडी तरी तापतेच. आणि प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. घरगुती तारांचें नेहमींचें पीव्हीसीचें आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तपमानासाठीं केलेलें असतें. पीव्हीसी मूळचें कडक. तें लवचिक व्हावें म्हणून त्यांत तेलासारखीं द्रव्यें मिसळतात. तार वारंवार मर्यादेबाहेर तापली, कीं हीं द्रव्यें हळूहळू उडून जातात व आवरणास तडे पडतात. उष्णता एकाएकीं फार वाढली, तर तें उलट मऊ पडतें आणि आंतील तार त्यांत रुतते. निरोधक आवरणाचें तपमान सतत १० अंशांनीं अधिक राहिलें, तर त्याचें आयुष्य सुमारें निम्में होतें, असा अभियंत्यांचा स्थूल ठोकताळा आहे.

आमच्या घरीं घडलें तें हेंच. माजघरांतील बारीक तार दिवा व पंखा यांपुरती घातलेली. पुढें तिच्यावर १००० वॅटची इस्त्री आली, मग २००० वॅटची शेगडी. दोन्ही एकदम चालू असल्या, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारें १३ अँपिअर प्रवाह! त्यांत बटणाचा स्क्रू सैल झालेला. अशा सांध्यापाशीं उष्णता अधिकच सांचते. फ्यूज वरचेवर जाऊं लागला, तेव्हां आम्हींच त्यांत जाड तार बसविली आणि घरांत सर्वांस हायसें वाटलें. वस्तुतः फ्यूज हा घरचा पहारेकरी. तो स्वतः वितळून भिंतींतील तारेस वाचवितो. त्याचें तोंड आम्हीं आपल्या हातानें बंद केलें होतें.

आतां शेगडी व इस्त्री यांसाठीं निराळी जाड तार घातली असून, त्या तारेस झेपेल तेवढ्याच क्षमतेचा एमसीबी बसविला आहे. बटण हातास गरम लागणें, प्लग तपकिरी पडणें, जळका वास येणें, या खुणा दिसतांच मुख्य स्विच बंद करून जाणत्या वायरमनास बोलावावें. पावसाळ्यापूर्वीं आपण छपराचीं कौलें चाळून घेतों. भिंतीआडची तार डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तिची विचारपूस तर अधिकच अगत्यानें व्हावयास हवी.