शर्यतीच्या अखेरीस पाय जड का होतात?

४०० मीटरच्या शर्यतीत आघाडीवर असलेला मुलगा शेवटच्या वळणावर एकाएकी मंदावतो. ‘अंगात जिद्द नाही’, असा शेरा अशा वेळी सहज मारला जातो. तो पुष्कळदा अन्यायाचा असतो. कारण या थकव्याचे मूळ स्नायूंत आणि मज्जासंस्थेत, अशा दोन्ही ठिकाणी असते.

स्नायूच्या आकुंचनास लागणारी शक्ती ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट या द्रव्यापासून मिळते. त्याचा साठा अवघ्या काही सेकंदांपुरता असतो. तो भरून काढणारे क्रिएटिन फॉस्फेटही पूर्ण वेगाने धावताना सुमारे १० सेकंदांत बरेचसे खर्ची पडते. पुढे ग्लायकोजनचे विघटन वेगाने होऊन लॅक्टिक आम्ल तयार होते. थकव्याचा सारा दोष या आम्लाच्या माथी मारण्याची प्रथा जुनी आहे. दुसऱ्या दिवशीची अंगदुखीदेखील त्याच्याच नावावर खपते. वस्तुतः ते तासा-दीड तासात निघून गेलेले असते. आता क्रिएटिन फॉस्फेट फुटल्यावर साचणाऱ्या फॉस्फेटास अधिक महत्त्व दिले जाते. त्यामुळे स्नायुतंतूंत कॅल्शियम मोकळे होण्यास अडथळा येतो, आणि कॅल्शियमवाचून आकुंचन होत नाही.

मज्जासंस्थेचा विचार ट्यूरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी मांडला. बोटाने वारंवार वजन उचलण्याची नोंद करणारे यंत्र त्यांनी बनविले व १८९१ साली थकव्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याचे बोटही लवकर थकते, असे त्यांस आढळले. शिक्षकांस याचे नवल वाटू नये!

श्रम वाढतात तसे स्नायूंकडून मेंदूकडे संदेश जातात आणि मेंदूकडून येणारी आज्ञा क्षीण होते. १९६१ साली इकाई व स्टाइनहाउस यांच्या प्रयोगात व्यक्ती मोठ्याने ओरडली असता, किंवा जवळ पिस्तुलाचा बार झाला असता, तिच्या हाताचा जोर वाढला. स्नायूंत शक्ती शिल्लक असूनही मज्जासंस्था तिला आवर घालीत होती. मैदानाकडेच्या आरोळ्यांनी मुलगा चार पावले अधिक धावतो, त्याचे एक कारण हेच. मात्र साचलेले फॉस्फेट आरोळीने कमी होत नाही.

क्रिएटिन फॉस्फेटचा साठा बहुतांशी भरून येण्यास ३ ते ५ मिनिटे लागतात. वेगाच्या दोन धावांत निदान तेवढी विश्रांती द्यावी. लहान मुले प्रौढांपेक्षा लवकर सावरतात, हे खरे. परंतु धावताना छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर तो नुसता थकवा समजू नये. विद्यार्थ्याचे धावणे तेथेच थांबवून त्यास विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे व पालकांस कळवावे.