ट्रेलरचा हवेचा ब्रेक आणि कारखान्याची जबाबदारी

शिवडी म्हटली की खाडीतले रोहित पक्षी आठवतात. पण तिथल्या गोदीकडच्या रस्त्यावर नजर ठरते ती कंटेनर लादलेल्या ट्रेलरांवर. पुढे ओढणारी गाडी, मागे लांबलचक ट्रेलर, आणि दोहोंच्या मध्ये वेटोळे घातलेल्या नळ्या. एवढे टनावारी ओझे थांबते ते त्या नळ्यांतल्या हवेच्या भरवशावर.

हवेने ओझे थांबते कसे? सायकलला हवा भरताना पंपाचा दट्ट्या हाताला उलट रेटतो, हे तुम्ही अनुभवले असेलच. इंजिनावर चालणारा पंप तशीच हवा दाबून टाकीत साठवतो. चालकाने पाय दाबला की त्या हवेचा जोर चाकापाशी पोचतो आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबले जातात. मग नळीच तुटली तर? जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1872 साली आगगाडीसाठी याला तोड काढली: हवा गेली तर ब्रेक सुटू नये, उलट लागावा! आजच्या ट्रेलरांत बहुधा हे काम एक जबर स्प्रिंग करते. हवा तिला मागे रेटून धरते. हवा गेली की ती सुटते आणि चाक जखडते. तेव्हा 'हवा गेली म्हणून गाडी सुटली' असे कुणी सांगितले, तर जरा खोलात जाऊन विचारावे.

बोरघाट उतरताना ब्रेक निकामी होतात, ते पुष्कळदा सारखा पाय दाबून ड्रम तापल्यामुळे. माल ज्यादा भरलेला, गिअर वरचा, दोष वापराचा. पण झडपच सदोष घडली असेल, किंवा स्प्रिंगच्या डब्याला मुळातच चीर असेल, तर चालक कितीही जपून हाको, उपयोग काय? गॅरेजवाला एक झडप बदलून मोकळा होतो. त्याच खेपेच्या बाकीच्या झडपा मात्र रस्त्यावर धावतच असतात, आणि त्यांचा पत्ता असतो फक्त कारखान्याच्या वहीत.

म्हणून सदोष गाड्या कारखान्याने माघारी बोलवाव्यात, अशी पद्धत पडली. अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा 1966 साली झाला. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 110-ए हे कलम आले आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. दोषाच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या, की सरकार उत्पादकाला गाड्या माघारी बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. खर्च उत्पादकाचा, शिवाय 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि कायद्यातल्या 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलरही येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

खरी अडचण पुढेच आहे. ओढणारी गाडी एका कारखान्याची, ट्रेलर दुसऱ्याचा, ब्रेकची झडप तिसऱ्याची. त्यात ट्रेलर दोन-तीन हात फिरलेला. कारखान्याचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. तो ते फाडून टाकतो, आणि ट्रेलर चालवणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. जुना ट्रेलर घेताना आरटीओच्या दप्तरी नाव चढवून घ्यावे, आणि ट्रेलरच्या स्वतःच्या चासीचा क्रमांक कारखान्याला कळवून माघारीचे काही काम बाकी आहे का, ते विचारावे. हा क्रमांक चासीवर ठोकलेला असतो. गंजाखाली दडला असला, तर तारेच्या ब्रशने घासला म्हणजे वाचता येतो.