क्लच दाबला की आवाज येतो? गॅरेजला जाण्याआधी हे तपासा

तारापूर एमआयडीसीत शिफ्ट सुटली की बोईसरच्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. डावा पाय सतत क्लचवर राहतो आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

आवाज आला म्हणून लगेच पूर्ण क्लचसेट बदलायला हो म्हणू नका. सपाट जागी हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि कान द्या.

पेडल दाबल्यावर घरघर वाढली, तर बहुधा रिलीज बेअरिंग गेलंय. पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबलं की थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. तिथे फक्त क्लच प्लेट बदलून पैसे वाया जातील. इंजिन बंद असतानाही पेडल कुरकुरतं? मग अनेकदा ग्रीसवर किंवा बुश बदलून काम भागतं.

बेअरिंगपेक्षा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी जड पडते. म्हणून प्लेट झिजली असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदला. जुने पार्ट मागून बघा.

चालढकल मात्र नको. बेअरिंग तुटलं तर गिअर पडत नाही. चिल्हार फाट्यापुढे हायवेवर, रात्री, बायको-मुलांसह अडकाल. ईदला नातेवाइकांकडे निघण्याआधीच गाडी दाखवून घ्या. आणि सिग्नलला न्यूट्रल करून पाय क्लचवरून काढायची सवय लावा.